पिलू शिवेबाहेर टाकू नका
(रेडिओवरील शेती कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आज पिकाची गोष्ट नाही, दुधाचीही नाही. आज गोष्ट आहे कुत्र्याची. कुणी म्हणेल, कुत्र्याची काय गोष्ट करायची? पण मंडळी, सावनेर तालुक्यातलं कोणतंही गाव घ्या, केळवदकडचं घ्या की खाप्याकडचं घ्या. संत्र्याच्या बगीच्यात रानडुकरं शिरली की घरधन्याच्या आधी कुत्रा जागा होतो. जागलीला माणूस एक वेळ झोपेल, कुत्रा झोपत नाही. असा हा कामाचा प्राणी.

आणि त्याच गावात दुसरं चित्रही दिसतं. बसथांब्यावर, मटणाच्या दुकानाजवळ, मेलेलं ढोर टाकतात त्या जागी बेवारस कुत्र्यांचे कळप जमतात. रात्री शेळ्यांच्या वाड्यात शिरून करडं फाडतात. शाळेच्या वाटेवर पोरांच्या मागे लागतात. म्हणजे एकीकडे राखणीला चांगलं कुत्रं मिळत नाही अशी तक्रार, आणि दुसरीकडे कुत्री फार झाली अशीही तक्रार. या दोन्ही तक्रारींवरचा इलाज बराचसा आपल्याच हातात आहे, एवढं आज सांगायचं आहे.

ही कुत्री येतात कुठून?

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख मोकाट कुत्री मोजली गेली. त्यांतली सुमारे १२ लाख ७६ हजार आपल्या महाराष्ट्रातली. ही काही जंगलातून आलेली नाहीत. यांतल्या कितीतरी कुत्र्यांची आई किंवा आजी कुणाच्या तरी अंगणात, कुणाच्या तरी कोठ्यात व्यालेली असते.

आपल्याकडे रीत कशी आहे ते पाहा. कोठ्यात कुत्री व्यायली, पाच पिलं झाली. शेजारीपाजारी येतात आणि म्हणतात, "एक कुत्रा द्या बाप्पा, कुत्री नको." दोन नर पिलं जातात. तीन माद्या उरतात. मग एका संध्याकाळी त्या पोत्यात घालून पांदणीच्या टोकाला, नाहीतर छिंदवाड्याच्या रस्त्यालगत सोडून दिल्या जातात. सोडणाऱ्याला वाटतं, जगतील कुठेतरी. त्यांतल्या बहुतेक जगत नाहीत. आणि जी एखादी जगते, ती कुणाचीच नसते. तिला लस नाही, खाणं नाही, धाक नाही. पुढच्या भाद्रपदात तीच माजावर येते आणि गावाशेजारी पुन्हा पाच पिलं होतात.

पश्चिम बंगालमध्ये शास्त्रज्ञांनी मोकाट कुत्र्यांच्या ९५ वेतांवर नजर ठेवली. एकंदर ३६४ पिलं होती. २०१६ साली त्याचा अहवाल निघाला. शंभरातली फक्त १९ पिलं वयात येईपर्यंत जगली. बाकीची मेली, आणि त्यांतली बरीच माणसामुळे मेली, म्हणजे गाडीखाली सापडून, मार लागून, विष खाऊन, आईपासून तोडल्यामुळे. तेव्हा पिलू शिवेबाहेर टाकणं म्हणजे त्याला मोकळं करणं नव्हे. ते मरणाच्या तोंडी देणं आहे.

कायदाही हेच म्हणतो. जनावर उपाशी-तहानलेलं मरेल अशा जागी त्याला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. विष घालून मारणं त्याहून मोठा गुन्हा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

मारून का भागत नाही?

कुत्री फार झाली की चावडीवर कुणीतरी म्हणतंच, मारून टाका. हा उपाय नवीन नाही. मुंबईत १८३२ साली इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा शहरात दंगल उसळली. त्यानंतर १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ सुरू झाली. कुत्री मारणं मात्र त्यापुढेही, थेट १९९० च्या दशकापर्यंत चालू राहिलं. एवढं करूनही मुंबईतली कुत्री संपली नाहीत.

कारण साधं आहे. जिथे खाणं आहे तिथे कुत्रं येणारच. एक मारलं की रिकाम्या जागेवर बाहेरचं दुसरं येतं, आणि ते लस न टोचलेलं असतं. वावरातलं एक तण उपटलं आणि बी तसंच राहू दिलं, तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

खाण्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. पूर्वी मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की गिधाडं ते तासा-दोन तासांत साफ करायची. पुढे ढोरांना डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक औषध देऊ लागले. ते औषध दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडं मरायची. देशातली गिधाडं जवळजवळ संपली. २००६ साली सरकारने ढोरांसाठी या औषधावर बंदी घातली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा हिशेब मांडला आहे की, १९९२ ते २००६ या काळात गिधाडं गेल्यामुळे देशात सुमारे ५५ लाख कुत्री जास्तीची वाढली. गिधाडांचं अन्न कुत्र्यांच्या वाट्याला गेलं. म्हणून मेलेलं ढोर उघड्यावर टाकू नये, खोल खड्ड्यात पुरावं. कोंबडीच्या दुकानाची घाणही पुरावी. अन्न कमी झालं की कळप आपोआप आटोक्यात येतो.

निवारा किती पुरणार?

काही लोक म्हणतात, नेऊन टाका निवाऱ्यात. मंडळी, निवारा चालवणारे लोक कष्ट करतात, पण तिथल्या जागेला मर्यादा असते. एक कुत्रं निवाऱ्यात गेलं म्हणजे रोजचं खाणं, औषध आणि झाडलोट आली, तीही पुढची दहा-बारा वर्षं.

हा वाद आपल्या नागपुरातही गाजला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असा आदेश दिला की, मोकाट कुत्र्यांना ज्यांना खाऊ घालायचं आहे त्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत, नाहीतर निवाऱ्यात ठेवावीत. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या भागाला स्थगिती दिली. मग २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाचेच आदेश निघाले. २२ ऑगस्टचा आदेश असा की, मोकाट कुत्र्यांची नसबंदी करून, लस टोचून त्यांना पुन्हा त्याच जागी सोडावं. पिसाळलेलं आणि अंगावर येणारं मात्र सोडू नये. ७ नोव्हेंबरचा आदेश असा की, शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा जागांवरची कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत, पुन्हा तिथे सोडू नयेत.

यातून आपण काय घ्यायचं? न्यायालयाचा आदेश निघाला तरी प्रत्येक कुत्र्याला जागा आपोआप तयार होत नाही. निवारा भरला की नव्या प्राण्याला आत घ्यायचं तर आतल्या एकाला बाहेर घर मिळावं लागतं. आणि असं घर खेड्यात मिळू शकतं. शहरात चार खोल्यांत राहणाऱ्याची अडचण असते. आपल्याकडे अंगण आहे, कोठा आहे, काम आहे. गरज आहे ती फक्त निवड नीट करण्याची.

पिलू आणायचं तर असं आणा

पहिली गोष्ट, पिलू दोन महिन्यांचं झाल्याशिवाय आईपासून तोडू नका. डोळे उघडले म्हणजे पिलू वाढलं असं नाही. डोळे तर दहा-पंधरा दिवसांतच उघडतात. आईच्या दुधातून त्याला रोगाशी झुंजायची ताकद मिळते. भावंडांशी खेळता खेळता चावा किती जोरात घ्यायचा हे ते शिकतं. फार लवकर आणलेलं पिलू पुढे चावरं निघण्याची भीती असते.

दुसरी गोष्ट, मादी पिलू नाकारू नका. भुंकायला, राखायला मादी नराइतकीच चांगली. नसबंदी केलेली मादी तर घर सोडून फारशी भटकत नाही. तिच्या मागे गावभरची कुत्री दारात जमत नाहीत. नसबंदीने कुत्री सुस्त होते हा गैरसमज आहे. खाणं जास्त झालं तर लठ्ठ होईल, एवढंच.

तिसरी गोष्ट, पिलू घरी आणल्याबरोबर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. वजनाप्रमाणे जंताचं औषध द्या आणि डॉक्टर सांगतील तेव्हा ते पुन्हा द्या. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचा. पुढची मात्रा डॉक्टर सांगतील त्या तारखेला, आणि मग दर वर्षी एकदा. तारीख कार्डावर लिहून घ्या. ढोरांच्या लसीची तारीख जशी लक्षात ठेवता, तशीच हीही ठेवा.

चौथी गोष्ट, खाणं. नुसत्या शिळ्या भाकरीवर आणि ताकावर पिलू वाढत नाही. भाकरी वरणात कुस्करून द्या, मधूनमधून उकडलेलं अंडं द्या. शिजवलेल्या कोंबडीची हाडं देऊ नका. ती टोकदार फुटतात आणि आतड्यात रुततात. पाणी मात्र दिवसभर समोर असावं. आपल्या नागपुरी उन्हाळ्यात बाकी काही चुकलं तर चालेल, पाणी आणि सावली चुकता कामा नये.

निवाऱ्यातलं वाढलेलं कुत्रं आणणार असाल तर त्याचा एक फायदा आहे. त्याची लस आणि नसबंदी झालेली असते, स्वभावही तिथल्या माणसांना माहीत असतो. त्यांना सरळ विचारा, हे शेळ्या-कोंबड्यांवर जातं का? पोरांत राहतं का? घरी आणल्यावर पहिले पंधरा दिवस मोकळं सोडू नका. लांब दोरीला सावलीत बांधा, हाताने खाऊ घाला, सकाळ-संध्याकाळ दोरी धरून धुऱ्याधुऱ्याने फिरवा. ढोरं आधी दुरून दाखवा, मग जवळून. माणसांत वाढलेलं कुत्रं एकट्या वावरात नेऊन सोडू नका. ते पळून जाईल, नाहीतर उपाशी मरेल. जिथे रात्री माणूस झोपतो, तिथेच त्याला ठेवा.

भाद्रपदाच्या आधी नसबंदी

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुत्री आणि भाद्रपद यांचं नातं आपल्याकडे पोरालाही ठाऊक आहे. वर्षातून कधीही कुत्री माजावर येऊ शकते, पण गावातल्या कुत्र्यांचा मुख्य हंगाम पावसाळा सरतानाचा. कुत्री सुमारे ६३ दिवस गाभण राहते. म्हणजे भाद्रपदात लागलेली कुत्री कार्तिक-मार्गशीर्षात व्याते. ऐन थंडीत, कापूस वेचणीच्या दिवसांत पिलं कुठेतरी कुडकुडत सापडतात ती याच कारणाने.

म्हणून कामाचं वेळापत्रक असं ठेवा. थंडीत व्यालेल्या कुत्रीची पिलं माघापर्यंत दूध तोडतात. त्यांना घरं मिळाली की फाल्गुन-चैत्रात आईची नसबंदी करून घ्या. त्याच वेतातली मादी पिलं वैशाख-ज्येष्ठात सहा महिन्यांची होतात. त्यांची नसबंदी आषाढात, भाद्रपद लागायच्या आत करा. मोकाट कुत्र्यांच्या मोहिमेतही सहा महिन्यांखालचं पिलू शस्त्रक्रियेसाठी पकडत नाहीत, हे लक्षात असू द्या.

नर खच्ची केला तरी चालतो, ते काम सोपंही आहे. पण एक नर सुटला तर तो कितीतरी माद्यांना पुरतो. म्हणून पैसा आणि वेळ एकाचाच असेल तर आधी मादीची नसबंदी करा. माज थांबवायचं इंजेक्शन देण्याच्या फंदात पडू नका. त्याने पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून डॉक्टर सांगतील तितका वेळ कुत्रीला उपाशी ठेवा. घरी आणल्यावर दहा दिवस छपराखाली कोरड्या जागी बांधा, आंघोळ घालू नका, जखम चाटू देऊ नका. सोय कुठे आहे हे आधी गावाजवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिथे नसेल तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. हे महाविद्यालय १९५८ पासूनचं आहे आणि आज महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली चालतं. चार घरांनी मिळून एक गाडी केली तर भाडंही अंगावर येत नाही. जनावरांच्या आजारासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांकही आहे.

आणि तोवर कुत्री माजावर आलीच, तर सुमारे तीन आठवडे तिला दार लावलेल्या खोलीत ठेवा. नुसतं दोरीने अंगणात बांधलं तर उपयोग नाही; ती जाणार नाही, पण नर येतील.

पिसाळीची भीती

मंडळी, हे सगळं कशासाठी? भूतदया तर आहेच. पण त्याहून जवळचं कारण म्हणजे रेबीज, आपण ज्याला पिसाळी म्हणतो ती. एकदा तिची लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजने मरतात, आणि त्यांतली एक तृतीयांशाहून जास्त एकट्या भारतातली. माणसाला हा रोग होतो तो बहुतेक वेळा कुत्र्यामुळेच.

कुत्रं चावलं किंवा नख लागून रक्त आलं, तर ताबडतोब जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. झाडफुंकीत वेळ घालवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. इंजेक्शनं ठरलेल्या तारखांना सगळी घ्या, एकही चुकवू नका. जखम खोल असेल तर डॉक्टर जखमेत वेगळं औषधही टोचतात, तेही घ्या.

ढोरांच्या बाबतीत एक धोक्याची सूचना. गाय किंवा बैल लाळ गाळतो, गिळत नाही, सारखा हंबरतो, तेव्हा घशात काही अडकलं असेल म्हणून आपण तोंडात हात घालतो. हे करू नका! ती पिसाळीची लक्षणं असू शकतात, आणि लाळेतून रोग हाताच्या खरचटलेल्या जागी जाऊ शकतो. जनावर वेगळं बांधा, दूध वापरू नका आणि डॉक्टरांना बोलवा. ढोराला कुत्रं चावलं असेल तर जखम तशीच साबणाने धुवा, हातात मोजे घालून, आणि लसीसाठी लगेच दवाखान्यात कळवा.

हा रोग आटोक्यात येतो, याचं उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात आहे. तिथे २०१३ नंतर सरकार आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचली. शंभरातली सत्तरएक कुत्री लसीखाली आणण्याचं धोरण ठेवलं. २०१९ पर्यंत कुत्र्यांतल्या रेबीजचं दर महिन्याचं प्रमाण ९२ टक्क्यांनी खाली आलं, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाला. हे काम कुत्री मारून झालं नाही, लस टोचून झालं. ज्या कुत्र्याला धनी आहे ते दोरीला धरून आणता येतं, लस टोचता येते. म्हणून प्रत्येक पिलाला धनी मिळवून देणं हेही रेबीजविरुद्धचंच काम आहे.

गावाने काय करावं?

मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीचं आणि लसीचं काम केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांकडे आहे. ग्रामसभेत हा विषय काढा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सांगून पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाकडे ठराव पाठवा. एका गावाने केलं तर शेजारच्या गावची कुत्री येतात, म्हणून आजूबाजूची तीन-चार गावं मिळून मागणी करा. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. असं कुत्रं दिसलं तर त्याला हुसकू नका. ते गावाची पिलं वाढवत नाही, आणि नव्याला आत येऊ देत नाही.

बायाबापड्यांनी, शाळेतल्या पोरांनी आणखी एक करावं. गावात कुठे कुत्री व्यायली, पिलं किती, नर किती, माद्या किती, याची नोंद एका वहीत ठेवावी. ज्याला राखणीला कुत्रं पाहिजे त्याचं नाव त्याच वहीत लिहावं. पिलं दोन महिन्यांची झाली की वही उघडून घर गाठून द्यावं. किराणा दुकानात, दूध संकलन केंद्रावर ही वही ठेवायला पैसा लागत नाही. ज्याच्याकडे पिलू गेलं त्याने लस टोचली का, हेही महिन्या-दोन महिन्यांनी विचारावं.

थोडक्यात चार गोष्टी ध्यानात ठेवा. आपल्या कुत्रीची नसबंदी भाद्रपदाआधी करा. मादी पिलू नाकारू नका. दर वर्षी रेबीजची लस टोचा. आणि घर मिळत नाही म्हणून पिलू शिवेबाहेर टाकू नका. आठ दिवस जास्त ठेवा, चार माणसांना विचारा. भाद्रपद यायला वेळ आहे असं वाटेल, पण पेरणी-डवरणीच्या गडबडीत तो कधी येतो ते कळत नाही. या आठवड्यात दवाखान्यात एक चक्कर मारून तारीख घेऊन ठेवा.